बरगडीवरचा अंगठा

भांडुप
९ नोव्हेंबर १९८६

श्री. मधुकर परब यांस,

बारा वर्षांनी आमचं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळे हयात आहेत. तुमचा बोरिवलीचा पत्ता गावमंडळाच्या वहीत सापडला. तुम्ही हॉस्पिटलात एक्स-रेच्या काळोख्या खोलीत फिल्मा धुण्यात सगळी नोकरी काढलीत, म्हणून एक गोष्ट विचारायची आहे. दुसरं काही काम नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

आमच्या शेजारी एक बाई आहे. वय साठ. गणपती गेल्यापासून तिचा खोकला हटत नाही. तिचा नवरा मिलमधून रिटायर झालेला, माझ्यासारखाच चार इयत्ता शिकलेला साधा माणूस आहे. तो फार काळजी करतो, त्याच्यासाठी विचारतो. मुलुंडला तिच्या छातीचा फोटो काढला. रिपोर्ट इंग्रजीत आला. माझी सून सुलक्षणा टेलिफोन ऑफिसात नोकरीला आहे, तिने तो वाचून मराठी अक्षरांत असा उतरवला:

‘चेस्ट पी. ए. व्ह्यू. राईट अप्पर झोनमध्ये ओपॅसिटी. हार्ट अनरिमार्केबल.’

आता प्रश्न. हा पी. ए. कोण? आमच्या मिलमध्ये पी. ए. म्हणजे साहेबाच्या केबिनबाहेर बसणारा माणूस. त्याने बाईमाणसाच्या छातीचा फोटो कशाला बघायचा?

दुसरं, ओपॅसिटी. सुलक्षणा म्हणते, ज्यातून आरपार दिसत नाही ते. मी ती फिल्म खिडकीत धरून पाहिली तर दोन्ही बाजूंची फुप्फुसं पार काळी. एवढं सगळं काळं पडलं असेल तर बाई अजून भाकऱ्या कशा थापते?

तिसरं सगळ्यात वाईट. अनरिमार्केबल. सुलक्षणाने डिक्शनरी काढली. त्यात निघालं, ‘ज्याविषयी सांगण्याजोगं काही नाही असं’. वाचून मला राग आला. म्हणजे तिच्या नवऱ्याला आला. त्या बाईने सासू सांभाळली, तीन मुलं वाढवली, संपात अठरा महिने घर चालवलं. तिच्या काळजाविषयी डॉक्टरला सांगण्याजोगं काही सापडू नये?

ह्याचं उत्तर कार्डावर लिहिलंत तरी चालेल. जास्त लिहू नका.

गुणाजी तावडे

•

बोरिवली पूर्व
१४ नोव्हेंबर १९८६

गुणाजी,

तुम्ही-बिम्ही काय लावलंस रे? एका विहिरीत पोहायला शिकलो आपण. मी तूच म्हणणार, तुला काय म्हणायचं ते म्हण.

माझं अक्षर वाचायला त्रास होईल. सत्याहत्तर साली फिल्म कापायच्या सुरीखाली उजव्या अंगठ्याचं पुढचं पेर गेलं, तेव्हापासून पेन मुठीत धरून लिहितो. आमच्या घरी नलिनी म्हणते, तुमचं पत्र म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं.

आता तुझी उत्तरं. पी. ए. म्हणजे कोणी माणूस नाही. किरण पाठीकडून शिरतो आणि छातीकडून बाहेर पडतो, त्याची ती दोन अक्षरं. छाती फिल्मला टेकवून, हनुवटी वर करून उभं करतात, श्वास धरायला सांगतात, झालं. कोणाचा साहेब नाही की शिपाई नाही. तेवढ्यापुरता निर्धास्त राहा.

फुप्फुसं काळीच दिसायला हवीत. काळं म्हणजे हवा. आमच्या खात्यात सगळं उलटं असतं, पांढऱ्याला आम्ही सावली म्हणतो. जिथे किरण अडतो तिथे फिल्म पांढरी राहते, तीच ओपॅसिटी. तुला वर, उजव्या बाजूला सुपारीएवढा पांढुरका डाग दिसेल. उजवी म्हणजे बाईची उजवी. फिल्म धरलीस की ती तुझ्यासमोर तोंड करून उभी आहे असं समज. कोपऱ्यात आर अक्षर असतं, ती तिची उजवी बाजू.

आणि अनरिमार्केबल. अरे वेड्या, आमच्याकडे ह्याहून चांगला शब्द नाही. तीस वर्षांत मी पाहिलं, ज्या काळजाविषयी डॉक्टरांना खूप काही लिहावंसं वाटलं, ती माणसं पुढची दिवाळी बघायला राहिली नाहीत. ज्याच्यात काही खोट नाही त्याबद्दल ते असं लिहितात आणि पुढे जातात. तुझ्या शेजारणीचं काळीज ठणठणीत आहे.

डाग मात्र कशाचा, ते नुसत्या एका फिल्मवरून सांगता येत नाही. जुना भरून आलेला असू शकतो, नवा वाईटही असू शकतो. अशा रिपोर्टाखाली एक ओळ हमखास असते, जुन्या फिल्मशी ताडून बघा अशी. ती तू गाळलीस का? त्या बाईची कधी जुनी फिल्म काढलेली आहे का, तिच्या नवऱ्याला विचार.

वनमाला बरी आहे ना?

मधुकर

•

भांडुप
१९ नोव्हेंबर १९८६

मधुकर परब यांस,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी सात-आठ वेळा वाचली. चार शब्द आहेत, पण त्यातला पहिला लिहायची गरज नव्हती. ‘घरची मंडळी’ लिहिलं असतं तरी मला कळलं असतं.

होय, शेजारीण नाही, वनमालाच आहे. तुम्ही ते पहिल्या फटक्यात ओळखलंत ह्याचं मला नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. साठ हा आकडा वाचूनच ओळखलंत ना? तिचं वय तुम्हाला कसं आठवतं? माझ्या सख्ख्या भावाला विचारलं तर त्याला सांगता येणार नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशीच ती म्हणाली, ‘त्या मधुकराक विचारा ना. त्येचो जल्म गेलो त्या काळ्या कागदांत.’ किती सहज म्हणाली. बारा वर्षं घरात तुमचं नाव निघालं नव्हतं, मी निघू दिलं नव्हतं, आणि हिच्या तोंडात ते ताज्या पाण्यासारखं. मी म्हटलं, तू त्याची आठवण काढत होतीस का? तर म्हणते, ‘तुमचा आपला कायतरीच. मी खोकतंय, तुमका आठवणी सुचतत.’

आता लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो. तुझ्या आईने तुझ्यासाठी वनमालेच्या घरी शब्द टाकला होता, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही गुरवाच्या म्हातारीकडून. तिच्या बापाने नाही म्हटलं म्हणून ती मला मिळाली. हे माहीत असून तू माझ्या घरी जेवायला येत होतास. ते मी पोटात घातलं. पण चौऱ्याहत्तर साली ती खोकत होती, मी भरवशाने तिला तुझ्या हॉस्पिटलात आणलं, तू फिल्म धुवून आणून दिलीस, आणि त्या फिल्मवर, बरोबर तिच्या डाव्या बाजूच्या पाचव्या बरगडीवर, तुझ्या अंगठ्याचा ठसा. स्पष्ट, सगळ्या वळ्यांसकट. वरच्या पेरापासून खालच्या पेरापर्यंत तिरकी रेघ होती म्हणून तो तुझाच हे मला कळलं. नारळ सोलताना तुला लागली ती कोयती माझ्याच हातात होती, मी नऊ वर्षांचा होतो नि तू दहाचा. मी तुला विचारलं तर तू हसलास. म्हणालास, घाईत बोट लागलं रे.

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या आतलं काही पाहिलेलं नाही. तू पाहिलंस, आधी पाहिलंस, आणि वर अंगठा उठवून ठेवलास, जशी जमिनीच्या कागदावर उठवतात.

तुझा अंगठा तुटला हे वाचून मला आधी काय वाटलं ते लिहीत नाही. मग वाईट वाटलं.

जुनी फिल्म नाही. कधीच फेकली. डॉक्टर म्हणतात सुई घालून आतला तुकडा काढून तपासू. ८ डिसेंबर, सोमवार दिला आहे. तू उत्तर लिहिलंस तर लिही, नाहीतर नको.

गुणाजी

•

बोरिवली पूर्व
२४ नोव्हेंबर १९८६

गुणाजी,

भांडायचं नंतर भांडू, मला वेळ भरपूर आहे. आधी कामाचं.

सुई म्हणजे इंजेक्शन नव्हे. बरगड्यांमधून फुप्फुसात लांब सुई घालायची. पुष्कळांना काही होत नाही. काहींच्या फुप्फुसातली हवा निसटते, मग नळी घालून ठेवावी लागते. साठीच्या बाईला, खोकत असताना, गरज नसली तर मी ते करू देणार नाही. गरज आहे की नाही हे फक्त जुनी फिल्म सांगते. चौऱ्याहत्तर साली तो डाग तिथे होता. मी पाहिला होता, आमच्या मोठ्या डॉक्टरांनीही पाहिला होता. जुना वण आहे, आपोआप भरलाय, असं म्हणून त्यांनी तिला खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवलं. हे त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस, तू अंगठ्याकडे बघत बसला होतास.

तेव्हा होता तेवढाच आज असेल, तर तो वाढणारा आजार नाही. मग सुई टळली, दुसरं काही करायला नको. पण हे मी तोंडाने सांगून मुलुंडचा डॉक्टर ऐकणार नाही. त्याला फिल्म पाहिजे.

म्हणून विचारतो, खरं सांग. तू ती फेकली नाहीस. जो माणूस मिलचे फाटके गेटपास जपून ठेवतो तो बायकोच्या छातीचा फोटो फेकत नाही. कुठे आहे?

अंगठ्याबद्दल. फिल्मवर जे जे उमटतं ते सगळं माणसात असतं असं नाही. ओरखडा, पाण्याचा थेंब, केसाची क्लिप, धुणाऱ्याचं बोट. ह्या सगळ्याला आमच्याकडे आर्टिफॅक्ट म्हणतात. डॉक्टर नवीन लागला की पहिलं हेच शिकतो: हे फिल्मवर आहे, बाईत नाही. तू बारा वर्षं ते उलटं धरून बसलास.

नलिनी तुझं पत्र वाचून म्हणाली, अजून तुमचा कोणी एवढा मत्सर करतो हे बरं आहे, मी तर कधीच सोडलं.

फिल्म शोध.

मधुकर

•

भांडुप
१ डिसेंबर १९८६

मधुकर,

फिल्म आहे.

ट्रंकेत, तळाला, तिच्या लग्नातल्या शालूखाली. मी मनाशी म्हणायचो की पुरावा म्हणून ठेवली आहे. कोणापुढे मांडायचा पुरावा, ते मलाही माहीत नाही. ती कधी बाजारात गेली की मी काढून खिडकीत धरायचो, तुझा अंगठा बघायचो, परत ठेवायचो. अंगठा बघता बघता बाकीचंही दिसायचं. तिचं गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलेलं आहे, लग्नाआधी विहिरीच्या पायरीवरून पडली होती ते. हे मला त्या फिल्मवरूनच कळलं. तुझं पत्र आल्यावर वर, उजव्या बाजूला बघितलं. डाग आहे. बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता.

पण पुढचं ऐक. त्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव, नंबर आणि तारीख होती, ती मी खरवडली. त्या वर्षीच, दाढीच्या ब्लेडने. तिचं नाव तुझ्या हाताने तिथे बसवलेलं असणार असं माझ्या डोक्यात आलं आणि मग मला राहवेना. आता तिथे नुसती काचेसारखी चौकट आहे. फक्त आर शिल्लक राहिला.

शुक्रवारी मी ती घेऊन एकटाच मुलुंडला गेलो. डॉक्टर तरुण आहे, भला आहे. म्हणाला, ‘आजोबा, ह्यावर नाव नाही, तारीख नाही. ही गेल्या वर्षी काढलेली असली तर? तेवढ्यावर विसंबून मी बाईंचा जीव धोक्यात घालू का?’ मी म्हटलं चौऱ्याहत्तर सालची आहे, माझ्या डोळ्यांसमोर काढली. तो म्हणाला, तारीख कोणी खरवडली? मी सांगितलं, माहीत नाही. सत्तराव्या वर्षाकडे चाललेला माणूस पोराएवढ्या डॉक्टरपुढे खोटं बोललो.

मग त्याला तुझ्या नोकरीचं सांगितलं. रजिस्टर असेल तर आणा म्हणाला. तुझ्या हॉस्पिटलात त्या वेळचं रजिस्टर मिळेल का?

परवापासून मला जेवण जात नाही. तिला सुई टोचली आणि काही झालं तर ते माझ्या ब्लेडने झालेलं असेल. हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही. ती मात्र भाकऱ्या थापते, खोकते, परत थापते. काल मला म्हणाली, ‘सुई तुमका टोचतली काय माका? इतको घाम कित्या?’

सोमवारी दहाची वेळ आहे. मी तुला ये म्हणत नाही. आरे कॉलनीतून जाणारी बस थेट इकडे येते, एवढं माहितीसाठी लिहितो.

गुणाजी

•

बोरिवली पूर्व
३ डिसेंबर १९८६

गुणाजी,

रजिस्टर नाही. एवढी जुनी ठेवत नाहीत, कालच जाऊन आलो. येतो. दोन्ही फिल्मा पाकिटात घालून आण, घडी घालू नकोस, आणि मेहेरबानी करून आता काही खरवडू नकोस. बाकी लागेल ते माझ्याकडे आहे.

मधुकर

•

भांडुप
१४ डिसेंबर १९८६

मधुकर,

तू गेल्यावर पाच दिवस मी काही लिहिलं नाही, कारण जे लिहायला बसायचो ते आभाराचं व्हायचं आणि मग मला राग यायचा.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास, पण मला ते माझ्या बाजूने लिहायचं आहे. डॉक्टरने दिव्याच्या पेटीवर दोन्ही फिल्मा शेजारी-शेजारी अडकवल्या. दोन वनमाला उभ्या राहिल्या, एक अठ्ठेचाळीस वर्षांची, एक साठीची. गळ्याचं हाड दोघींचं वाकडं, तेव्हा बाई तीच हे त्याने लगेच मानलं. पट्टी लावून डाग मोजला. दोन्हीकडे एकाच मापाचा. म्हणाला, सगळं ठीक आहे, पण जुनी फिल्म किती जुनी, हे मी कशावरून धरू?

तेव्हा तू उठलास आणि उजवा अंगठा त्या पेटीच्या उजेडात धरलास. अर्धा.

आधी डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं. मग त्याने भिंग घेतलं, फिल्मवरचा ठसा पाहिला, तुझा राहिलेला अर्धा अंगठा पाहिला, ती कोयतीची तिरकी रेघ दोन्हीकडे पाहिली. फिल्मवर पुरा अंगठा, वरच्या पेरासकट. तू खिशातून अपघाताच्या रजेचा कागद काढलास, सत्याहत्तर सालचा, हॉस्पिटलच्या शिक्क्याचा. डॉक्टर हसायला लागला. म्हणाला, म्हणजे ही फिल्म त्याच्या आधीचीच, नऊ वर्षं तरी डाग जसाच्या तसा. सुई रद्द. खोकल्याचं वेगळं औषध देतो, तीन महिन्यांनी पुन्हा एक फिल्म काढू.

आणि त्याने तुझा हात हातात घेतला. तुझा. ज्या हाताने फिल्म बिघडवली तो. ज्याने बारा वर्षं ती शालूखाली जपली त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

वनमाला घरी येईपर्यंत हसत होती. म्हणाली, ‘ह्या अंगठ्यान माका वाचवला, आणि तुमी त्येच्यार बारा वर्सां रागान बसलात.’ आता चाळीत ज्याला त्याला सांगते. सुलक्षणाच्या ऑफिसातसुद्धा गोष्ट गेली. गोष्टीत तू आहेस, अंगठा आहे, कोयती आहे. कोयती कोणाच्या हातात होती ते कोणी विचारत नाही.

एक विचारायचं राहिलं. मी केसपेपर काढायला खिडकीवर उभा होतो तेव्हा तुम्ही दोघं बाकावर बसला होतात. वीसेक मिनिटं. ती तुला काहीतरी सांगत होती आणि तू मान खाली घालून ऐकत होतास. मी तिला विचारलं तर म्हणते, गावची गजाल. काय गजाल? माझं नाव आलं का त्यात?

आणि दुसरं. त्या दिवशी तू आलास म्हणून सुई टळली, हे मी मान्य करतो. पण तू त्या अंगठ्याबद्दल जे लिहिलंस ते मला पुन्हा तुझ्या अक्षरात, जमिनीच्या कागदासारखं, सहीने पाहिजे. कोंबडीच्या पायांचं अक्षर असलं तरी चालेल. ते फिल्मवर आहे, तिच्यात नाही, हे.

गुणाजी

•

बोरिवली पूर्व
२० डिसेंबर १९८६

गुणाजी,

घे. मी, मधुकर परब, ह्या पत्राने लिहून देतो की वनमाला तावडे हिच्या फिल्मवर माझा जो अंगठा आहे तो आर्टिफॅक्ट आहे. तो फिल्मवर आहे, बाईत नाही. कधी नव्हता. खाली सही केली आहे, अंगठा उठवायला पुरेसा उरलेला नाही.

आता तू खरं मागितलंस म्हणून आणखी थोडं. तुला तेव्हा म्हणालो की घाईत लागला. घाई नव्हती. फिल्म औषधातून अर्धवट वर काढून मी लाल दिव्याखाली बघत होतो. नाव वाचलं होतं. तो डाग दिसला आणि मला वाटलं, ही गेली. फिल्म क्लिपमधून सुटली ती मी छातीशी धरल्यासारखी धरली. ओलं असताना उमटलेलं पुसता येत नाही. हे मी नलिनीलाही आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्यापासून वाटत होतं, आणि चहा करायला गेली. चहात साखर नव्हती.

ह्याच्यापलीकडे काही नाही. तुला ह्याचा राग आला तर तो तुझा हक्क आहे, मी भांडणार नाही.

बाकावरची गजाल. ती मला विचारत होती की तुझ्या जेवणाचं काय करू. म्हणाली, आठ-दहा दिवस अन्न शिवत नाहीत, विचारलं तर वसकन अंगावर येतात. मग म्हणाली, त्यांनी तारीख खरवडली हे मला माहीत आहे, ब्लेडचा कचरा मीच झाडला होता. ती फिल्म शालूखाली आहे हेही मला माहीत होतं. मी बाजारात जाऊन परत येते तर शालूची घडी बदललेली असते. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर तुझी बायको म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहितो: ‘लग्नात माझो फोटो काडूक नाय. ह्यांनी माझो एकच फोटो जपलो. तो मी काडून घेतलंय असतंय तर मगे ह्यांनी काय बघला असता?’

मान खाली का घातली होती ते आता तू समज.

मधुकर

•

भांडुप
१५ मार्च १९८७

मधुकर,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. राग आला होता. लाल दिव्याची गोष्ट तू मला सांगायला नको होतीस, मीही मागायला नको होती. रोज एकदा काढून वाचायचो आणि ठरवायचो की ह्याला आता कधी लिहायचं नाही. मग पुढचं पान वाचायचो.

परवा नवी फिल्म काढली. सुलक्षणाने रिपोर्ट वाचला. डाग तेवढाच. ‘अनचेंज्ड’ असा शब्द आहे, तो ह्या वेळी डिक्शनरीशिवाय कळला. आणि खाली परत तेच, हार्ट अनरिमार्केबल. मी सुलक्षणाला म्हटलं, तो शब्द पुन्हा वाच. तिने वाचला. मी आणखी एकदा वाचायला लावला. वनमाला आतून म्हणाली, ‘त्यात काय इतक्या?’ खोकला फाल्गुन लागल्यावर गेला.

ही फिल्म स्वच्छ आहे. सगळीकडे बघितलं, खिडकीत धरून, उलटी धरून, कोणाचं बोट नाही. हल्ली मशीनच धुतं म्हणे, हात लागतच नाही. मला आधी बरं वाटलं. मग मी ती जुन्या फिल्मशेजारी धरली आणि मला ती कोणाचीच नसल्यासारखी वाटली.

पोस्टाच्या खिडकीवर शाईचं पॅड असतं. काल बचतीचे पैसे काढायला गेलो होतो. मी सही करतो, मला अंगठ्याची गरज नाही, पण म्हटलं, आज अंगठा लावतो. कारकुनाने पॅड पुढे सरकवलं. बाहेर येऊन बरोबर नेलेल्या पाकिटातून नवी फिल्म काढली आणि ओल्या शाईचा अंगठा लावला. डाव्या बाजूला, पाचव्या बरगडीवर, जुनीवर जिथे तुझा आहे त्याच जागी. माझा पुरा उमटला, वरच्या पेरासकट.

ती शाई पाण्याने जाईल हे मला माहीत आहे. तुझ्यासारखी आत मुरलेली नाही. म्हणून ट्रंकेत आता दोन पाकिटं आहेत, जुनी फिल्म खाली, नवी वर, आणि त्यावर शालू. काल संध्याकाळी बघितलं तर शालूची घडी मी घातली होती तशी नव्हती.

पुढल्या महिन्यात नलिनीवहिनींना घेऊन जेवायला ये. वनमाला कुळथाची पिठी करील. तिच्या समोरच्या पाटावर मी बसणार, हे आधीच सांगून ठेवतो. दिव्याची पेटी नाही, पण आमच्या खिडकीत दुपारी चांगला उजेड येतो, तेव्हा तुला फिल्म दाखवीन.

नाव आणि तारीख मी ह्या वेळी जशीच्या तशी ठेवली आहे.

तुझा
गुणाजी